बायकोला कोणती आयत पाठवू?

पत्र (थोडं कमी करून देतेय):

"आपा, सलाम. मी जालन्याचा, वय ३१, एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. लग्नाला चार वर्षं झाली, दोन वर्षांची मुलगी आहे. घर जुन्या जालन्यात, दोन खोल्या आन् समोर हॉल, त्यात अम्मी, लहान भाऊ, बहीण आन् आम्ही. अब्बा नाहीत. बायको पाथरीची, डीएड झालेली. बकरी ईदला मायक्याला गेली ती आलीच नाही. म्हणते वेगळी चूल मांडा, नाहीतर निदान आपली म्हणून एक खोली तरी द्या. आमच्या मधल्या खोलीला दाराऐवजी पडदा आहे आन् घरचं कपाट तिथंच आहे, म्हणून सगळ्यांचं येणंजाणं असतं, त्यात एवढं काय? अम्मीला उलटून बोलते. अम्मीनं मोबाईल बघितला तर तमाशा करते. भावाच्या टेम्पोसाठी तिचे दागिने गहाण ठेवले, अजून तेच धरून बसलीय. मेहर २१ हजार उधार आहे, ती तिनं कधी मागितली नाही. एकदा रागात मी चापट मारली, ते तिनं बापाला सांगितलं. मी व्हॉट्सअॅपवर 'आईच्या पायाखाली जन्नत' आन् 'मर्द औरतांवर हाकिम' पाठवलं तर ब्लॉक केलं. तशी मनानं वाईट नाही, अम्मीला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात तीच राहिली. दोस्त म्हणायलेत एक तलाकची नोटीस पाठव, पळत येईल. आपा, कुरआनच्या हिशोबानं निकाह म्हणजे काय असतं? आन् तिला समजेल अशी एखादी आयत सांगा."

वालेकुम सलाम बेटा,

आधीच सांगून टाकते, तिला पाठवायला माझ्याकडून एकही आयत मिळणार नाही. तुला वाचायला देते, पोटभर देते. तुझं पत्र वाचताना मला सारखं हेच दिसत होतं की तू कुरआन-हदीस उघडतोस ते बायकोची चूक काढायला, आणि गंमत बघ, जी दोन वाक्यं तू तिला पाठवलीस ती दोन्ही तुझ्याच नावानं आलेली आहेत.

पहिलं घे. सुनन नसाई या हदीसांच्या संग्रहात हदीस आहे, जाहिमा नावाचे सहाबी, म्हणजे साथी, हुजूर (स.), म्हणजे पैगंबर मुहम्मद यांच्याकडे आले, म्हणाले जंगेला जायचा इरादा आहे, तुमचा सल्ला घ्यायला आलोय. हुजूरनी विचारलं, आई आहे का? म्हणाले आहे. मग तिच्याजवळच रहा, जन्नत तिच्या पायांखाली आहे. आता मला सांग, हे कोणाला सांगितलं? मुलाला. अम्मीच्या गोळ्या आणणं, पाय दाबणं, दवाखान्यात रात्र काढणं, ही जन्नत तुझ्या नावावर लिहिलेली आहे बाबा, आणि डेंग्यूच्या वेळी ती कमावली कोणी, तर तूच लिहिलंस की तिनं. आपल्याकडं बहुतेक घरं हनफी मसलकाची, आणि हनफी फिकहात, म्हणजे धर्मकायद्यात, सास-सासऱ्यांची खिदमत सुनेवर कायद्यानं लादलेली नाही. ती करते तो तिचा अखलाक, तिचा चांगुलपणा, तुझ्यावरचा अहसान. आपल्या घरांमध्ये मात्र अहसानाची ड्युटी करून टाकतात आणि एक दिवस चहा उशिरा झाला की हजेरी घेतात.

दुसरं, कुरआनच्या सूरह निसा या अध्यायाची ३४ वी आयत. तू अर्धी पाठवलीस, सगळेच अर्धी पाठवतात. मर्द औरतांचे कव्वाम आहेत, सांभाळणारे, जिम्मेदार, हे म्हटल्यावर आयत तिथंच दोन कारणं देते. एक, अल्लाहनं एकाला दुसऱ्यावर दिलेली फजीलत, म्हणजे वरचढपणा, ज्यावर उलेमांची मोठमोठी बहस आहे आणि मी आलिमा नाही, तफ्सीर, म्हणजे कुरआनचा उलगडा, वाचणारी बाई आहे, त्यात पडत नाही. दुसरं कारण चौथीतल्या पोरालाही कळेल असं आहे, की ते आपल्या मालातून खर्च करतात. मग तुझ्या घरात खर्च कोणाच्या मालातून झाला? टेम्पो दारात उभा राहिला तो कोणाच्या गळ्यातल्यावर? हाकिमकी गाजवायची तर आधी ती नेकलेस सोडवून आण.

दागिन्याचं हसण्यावारी नेऊ नको. त्याच सूरहच्या ४ थ्या आयतीत मेहर, निकाहात बायकोला द्यायची ठरलेली रक्कम, खुशीनं द्यायला सांगितलीय, आणि तिनं आपल्या मर्जीनं काही सोडलं तरच ते खायची मुभा आहे. "कधी मागितली नाही" म्हणजे माफ केली असा अर्थ होत नाही, ते कर्ज आहे, घरातल्या टीव्हीच्या हप्त्यासारखंच, फक्त याचा फोन येत नाही म्हणून आपण विसरतो. पुढं २० आणि २१ व्या आयतीत तर असं आहे की बायकोला मालाचा ढीग जरी दिला असेल तरी त्यातलं परत घेऊ नका, कसं घ्याल, तुम्ही एकमेकांजवळ गेलेले आहात आणि त्यांनी तुमच्याकडून पक्का करार घेतलेला आहे. असाच पक्का करार पैगंबरांकडून घेतल्याचं सूरह अहजाबमध्ये येतं. निकाह म्हणजे काय विचारलंस ना, हे बघ, एवढा वजनाचा करार. आणि मायक्याहून आलेलं सोनं तर मेहरसुद्धा नाही, ते निखळ तिचं, तुझं नाही, अम्मीचं नाही, दिराचं तर अजिबात नाही. भावाला बसवून सांग, टेम्पोच्या भाड्यातून आधी गोल्ड लोन फेडायचं, मग बाकीचं. तो तोंड वाकडं करील. करू दे.

चापटेबद्दल तू एका ओळीत लिहून पुढं गेलास, तक्रार कशाची तर तिनं बापाला सांगितल्याची. मी त्या ओळीवर थांबते. त्याच ३४ व्या आयतीच्या पुढच्या भागाचा आधार घेऊन लोक हात उचलतात, मला माहितीय, तुझे दोस्तही सांगतील. तर हजरत आयशा (र.) काय सांगतात ते वाच, सहीह मुस्लिम या हदीसांच्या संग्रहात आहे, हुजूरनी कधी कोणत्या बाईवर हात उचलला नाही, खादिमावरसुद्धा नाही. आणि अबू दाऊदमध्ये आहे की बऱ्याच बायका हुजूरच्या घरी नवऱ्यांच्या मारहाणीची शिकायत घेऊन आल्या, तेव्हा ते म्हणाले, असे मर्द तुमच्यातले चांगले लोक नाहीत. बस. यावर आणखी बहस करायला मी तयार नाही. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, तो मुसलमान बाईलाही लागू आहे, ती त्या रस्त्यानं गेली असती तरी मी तिला चूक म्हटलं नसतं. ती बापाकडं गेली, तुझी इज्जत तिनं घरातच ठेवली, एवढं तरी समज.

आता खोली. मला विचारशील तर तुमच्या भांडणाची जड इथं आहे, बाकी सगळ्या फांद्या. "पडदा आहे, त्यात एवढं काय." तू दिवसभर एमआयडीसीत असतोस, तुला नाही कळणार. ती पोरीला दूध पाजत बसलीय आणि टेम्पोचे कागद काढायला भाऊ पडदा सारून आत, ती न्हाऊन आलीय, केस ओले, आणि नणंदेला कपाटातली ओढणी आत्ताच पाहिजे, दुपारी जरा पाठ टेकली तर अम्मी कपाटाची किल्ली फिरवायलीय, किल्लीचा तो आवाज. चार वर्षं. आणि रात्री तुम्ही नवरा-बायको पडद्याआड कुजबुजत बोलता, हॉलमध्ये भाऊ झोपलेला. मग ती वेगळी चूल मागते तेव्हा लोक म्हणतात शिकलेली बायको, घर फोडती.

सूरह नूरची ५८ वी आयत काढ. त्यात तीन वेळा सांगितल्यात, फजरच्या नमाजाआधी, दुपारी कपडे काढून आराम करता तेव्हा, आणि रात्रीच्या इशाच्या नमाजानंतर. या तीन वेळी घरातले नोकर आणि लहान लेकरंसुद्धा विचारूनच आत येतील. लेकरं! आणि ५९ व्या आयतीत, ती मोठी झाली की त्यांनी कायमच विचारून यायचं. चौदाशे वर्षांमागं, जिथं घरं म्हणजे खजुराच्या झावळ्यांचं छप्पर, तिथं हा हुकूम आलाय, आणि आपण सिमेंटच्या घरात पडदा लावून विचारतो की एवढं काय. दिराबद्दल तर हुजूरना सरळच विचारलं होतं एका माणसानं, त्यावर उत्तर होतं की दीर म्हणजे मौत. बुखारी, मुस्लिम दोन्हींत आहे. तुझा भाऊ भला पोरगा असेल, नाही म्हणत नाही, पण नियम भल्या माणसांनाही असतो.

हनफी किताबांत तर स्पष्टच आहे की बायकोला राहायला अशी जागा देणं नवऱ्यावर वाजिब, म्हणजे बंधनकारक, आहे जिथं त्याच्या घरचं कोणी नसेल, तिनं स्वतः सोबत राहायचं कबूल केलं तर गोष्ट वेगळी. पूर्ण घर जमत नसेल तर त्याच घरातली एक खोली, जिला तिचं कुलूप लागतं, तेवढी पुरे. म्हणजे तुझ्या बायकोनं जे "निदान" म्हणून मागितलंय ना, ते फिकहातही निदानच आहे. सूरह तलाकच्या ६ व्या आयतीत म्हटलंय, जिथं तुम्ही राहता तिथं आपल्या ऐपतीप्रमाणं त्यांना ठेवा आणि तंग करायला त्रास देऊ नका, आणि ही आयत तलाक झालेल्या आणि इद्दतीत, म्हणजे तलाकनंतर थांबायच्या मुदतीत, बसलेल्या बायकांबद्दल आहे. तलाक झालेलीला एवढं, मग निकाहात असलेलीला पडदा? कपाट हॉलमध्ये ढकल, दोन माणसं लागतात. दार बसव, आतून कडी, बाहेरून कुलूप, किल्ली तिच्याकडं.

मोबाईलचं पटकन सांगते. सूरह हुजुरातची १२ वी, कोणाची टेहळणी करू नका. अम्मीलाही लागू, तुलाही.

आता अम्मी. तुला वाटेल आपा सगळं बायकोच्या बाजूनं बोलायलीय. मीपण सास आहे बेटा. तुझी अम्मी बेवा बाई, मोठ्या मुलाच्या आधारावर संसार ओढलेला, बहिणीचं लग्न व्हायचंय, आणि सुनेनं दाराला कडी लावली की तिला वाटतं पोरगाच आत बंद झाला. ही भीती खरी आहे, तिची चेष्टा करू नको. सूरह बनी इस्राईलची २३ वी तर तुला पाठच असेल, आई-वडिलांना "उफ"सुद्धा म्हणू नका. पण सूरह लुकमानच्या १४ आणि १५ व्या आयती एकत्र वाच, कोणी एकत्र वाचत नाही. १४ मध्ये आईनं कमजोरीवर कमजोरी सोसत पोटात वाढवलं त्याचं शुक्र मानायला सांगितलंय. आणि लगेच १५ मध्ये, तेच आई-वडील तुला शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला मानायला, लावत असतील तर त्यांचं ऐकू नको, तरी दुनियेत त्यांच्याशी चांगलंच वाग. म्हणजे एवढ्या मोठ्या गोष्टीत नाही म्हणतानासुद्धा वागणं बिघडवायचं नाही, आणि चांगलं वागणं म्हणजे प्रत्येक गोष्टीत हो म्हणणं असंही नाही. तुला ना धड नाही म्हणता येतं ना धड सांभाळता येतं, म्हणून तू काय करतोस, अम्मीचं बायकोला सांगतोस, बायकोचं अम्मीला सांगतोस आणि नमाजाच्या निमित्तानं सटकतोस. दार बसवायचं आहे हे अम्मीला तू सांगायचं, "तिला पाहिजे" असं म्हणायचं नाही, "मला पाहिजे" म्हणायचं. आणि त्याच दिवसापासून रोज कामावरून आला की आधी अर्धा तास अम्मीपाशी बसायचं, मोबाईल खिशात. तिला कडीचं दुःख नाही, पोरगा बोलत नाही याचं आहे, असा माझा अंदाज.

उलटून बोलण्याचं म्हणशील तर हजरत उमर (र.) यांचा किस्सा ऐक, बुखारीत आहे. ते सांगतात, आम्ही कुरैशचे लोक बायकांवर वरचढ होतो, मदिन्याला आलो तर अन्सारांच्यात, म्हणजे तिथल्या मूळ लोकांत, बायकाच वरचढ, मग आमच्याही त्यांचं बघून शिकल्या. एक दिवस बायकोनं उलट उत्तर दिलं, हे भडकले. ती म्हणाली, एवढं काय वाईट वाटून घेता, हुजूरच्या बीव्यासुद्धा त्यांना उत्तर देतात, एखादी तर दिवसभर बोलत नाही. उमर घाबरून मुलीकडं, हजरत हफ्साकडं पळाले खात्री करायला, ती हुजूरचीच बीवी, तर ती म्हणते, हो, खरंय. ज्या घरात कुरआन उतरत होता तिथं रुसवेफुगवे चालायचे, आणि तुझ्या घरात चालले की लगेच नोटीस?

नोटिशीचं आता बोलतेच. त्या दोस्तांची संगत काही दिवस कमी कर. तलाक ही धमकी द्यायची चीज नाही. सूरह बकरात नियम साफ आहे, ठेवायचं तर चांगुलपणानं ठेवा, सोडायचं तर चांगुलपणानं सोडा, आणि २३१ व्या आयतीत, त्रास देण्यासाठी अडकवून ठेवू नका. घाबरवायला पाठवलेली नोटीस यातल्या कशात बसते? आणि एका झटक्यात तीन तलाक लिहून पाठवशील तर सुप्रीम कोर्टानं २२ ऑगस्ट २०१७ लाच ते रद्द ठरवलंय, २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. दोस्त जामिनाला येत नसतात.

त्यापेक्षा निसाची ३५ वी आयत करून बघ. दोघांत फाटायची भीती वाटली तर एक पंच त्याच्या घरचा, एक पंच तिच्या घरचा नेमा, दोघांना खरंच जुळवायचं असेल तर अल्लाह जुळवून देईल. दोन माणसं. आपल्याकडं काय होतं, दोन जीप भरून लोक जातात, बैठक बसते, चहा, सरबत, सगळ्यांत मोठ्या आवाजाचा मामू बोलतो, लडकी को समझाओ, आणि लडकी आत चुलीपाशी, तिला कोणी विचारतही नाही. तुझ्याकडून असा माणूस घे जो तुला तोंडावर चूक म्हणू शकतो. चाचा असो, फुफी असो, बाई चालत नाही असं कुठं मनात धरू नको. तिच्याकडचा माणूस तिला निवडू दे, सासऱ्याला नाही.

आणि मूळ सवाल. तुमच्या शादीच्या रुक्क्यावर, पत्रिकेवर, सूरह रूमची २१ वी आयत छापली असेल, सगळे छापतात. तुमच्यातूनच तुमच्यासाठी जोडे बनवले, म्हणजे तुम्हाला त्यांच्यापाशी सुकून मिळावा, आणि तुमच्यात मोहब्बत आणि रहमत ठेवली. मोहब्बत पहिली दोन वर्षं आपोआप चालते, पुढं पोर रात्रभर रडतं, पगार पुरत नाही, तेव्हा रहमतीवर घर चालतं. ती डेंग्यूच्या वॉर्डात सलाईनची बाटली बघत बसली होती, ते हेच होतं. ते तुला दिसलं, तू लिहिलंस, म्हणून मी तुला एवढं लांब उत्तर देतेय, नाहीतर चापटेच्या ओळीवरच पत्र बाजूला ठेवलं असतं. निसाच्या १९ व्या आयतीत मर्दांनाच सांगितलंय, त्यांच्याशी भलेपणानं राहा, आणि त्या आवडल्या नाहीत तरी असं असू शकतं की जे तुम्हाला आवडत नाही त्यात अल्लाहनं बरंच भलं ठेवलंय.

एक अवघड गोष्टही ऐकून ठेव. ती नाही म्हणू शकते. बरीरा नावाच्या बाईचा किस्सा बुखारीत आहे. ती गुलामीतून आझाद झाली तेव्हा नवरा ठेवायचा की नाही हा हक्क तिला मिळाला, तिनं नको म्हटलं. नवरा मुगीस मदिन्याच्या गल्ल्यांतून तिच्यामागं रडत फिरायचा, दाढी भिजायची. हुजूर तिला म्हणाले, परत जाशील का त्याच्याकडं? तिनं विचारलं, हा हुकूम आहे का? म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतोय. ती म्हणाली, मग मला त्याची गरज नाही. आणि बात तिथंच संपली, तिला कोणी बेअदब म्हटलं नाही. तुझी बायको आझाद बाई आहे, निकाह टिकवायचा की खुला, म्हणजे बायकोनं मागितलेली सोडचिठ्ठी, मागायचा हे तिच्या हातात आहे, तू फक्त विचारू शकतोस.

म्हणून नीट विचार. व्हॉट्सअॅप बंद आहे तर बरंच आहे, आधी सासऱ्याला फोन कर, चापटेची माफी त्यांच्याकडंही माग, "हो गया अब" असं न म्हणता. मग एखाद्या जुम्याला नमाज झाली की रेल्वेनं सेलूला उतर, तिथून पाथरीला जा, एकटा. अम्मीला पहिल्या खेपेला नेऊ नको, भावाला तर नकोच. मेहरचे २१ हजार एकदम जमत नसतील तर जेवढे जमतील तेवढे सोबत ने आणि बाकीची तारीख सांग, तिच्या हातात दे, सासऱ्याच्या नाही. ती आत येऊन बसली नाही तर तमाशा करू नको, पोरीला भेट, चहा पी, पुन्हा ये. आणि सुताराला याच आठवड्यात बोलावून दाराचं माप घे, कारण तिचा पहिला सवाल खोलीचाच असणार, तेव्हा "बघू" म्हणायची पाळी येऊ नये.